एक खरं, तीन खोटी

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. एक तर त्या संधी आपल्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त ठाऊक आहेत. दुसरं म्हणजे, शेगावला इंजिनिअरिंग करून गेली चोवीस वर्षं मी जे काम करते, ते ऐकून तुम्हाला जेवणाआधीच झोप लागेल. बाहेर गिल्ला वड्याचा वास सुटला आहे, त्यामुळे मी लांबवणार नाही.

मला सांगायचं आहे ते चाळिशीत धरलेल्या एका शिकवणीबद्दल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी गोष्ट लिहायला शिकायला बसले.

आता तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, हिला काय शिकायचं? निबंधात तर हीच पहिली यायची. हो, यायचे. बाई माझी वही वर्गात वाचून दाखवायच्या. पण परवा आईनं माळ्यावरून त्या वह्या काढल्या आणि मी वाचल्या. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या माझ्या निबंधात नारळाच्या झावळ्या डोलत होत्या आणि होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. अमरावतीत! ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहिताना मी मोट हाकली होती आणि ‘काळी आई’ हा शब्द सहा वेळा वापरला होता. माझ्या आजोबांचं वावर मूर्तिजापूरजवळ होतं. तिथे विहिरीवर विजेचा पंप होता, आणि आजोबांच्या तोंडी विषय असायचे ते लाईन कधी येते, फवारणी कधी करायची आणि कापसाचे चुकारे कधी मिळतात. यातलं एक अक्षर त्या निबंधात नव्हतं. बाईंचा यात दोष नाही. वीसपैकी सतरा कशाला मिळतात, हे मीच फार लवकर ओळखलं होतं.

तर लॉकडाउन. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, एका खोलीत मुलीची शाळा, दुसऱ्या खोलीत माझं ऑफिस. रात्री झोप येत नसे. तेव्हा फ्यूचरलर्नवर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा ‘स्टार्ट रायटिंग फिक्शन’ नावाचा कोर्स दिसला. आठ आठवड्यांचा, आठवड्याला साधारण तीन तास, आणि पैसे न भरताही करता येणारा. ही ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची. ज्यांना कॉलेजात जाता आलं नाही त्यांच्यासाठी तिनं पोस्टानं, रेडिओवरून आणि टीव्हीवरून पदवीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, ते त्याच वाटेवरचं. माझ्या काकूनं तिथून बी.ए. केलं, स्वयंपाक उरकून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्यामुळे ‘मुक्त विद्यापीठ’ म्हटलं की मला आधी तिचा कंदील आणि पुस्तक आठवतं. म्हटलं, काकूला जमलं तर मलाही जमेल.

मला वाटलं होतं की पहिल्या दिवशी कथानक रचायचा फॉर्म्युला मिळेल. इंजिनिअरच ना मी. मिळाला तो एक खेळ. एक परिच्छेद लिहा, त्यात एक गोष्ट खरी आणि तीन खोट्या. मग दुसरा लिहा, त्यात तीन खऱ्या आणि एक खोटी. शिवाय एक वही जवळ ठेवा आणि दिसेल, ऐकू येईल ते टिपत जा.

खोटं लिहिणं हे तर आमचं रोजचं काम. सॉफ्टवेअर तपासायला आम्ही खोटी माणसं तयार करतो. नाव अबक, पत्ता अबक रोड, जन्मतारीख एक जानेवारी. त्याला टेस्ट डेटा म्हणतात. माझा पहिला परिच्छेद हुबेहूब तसा उतरला. एक मुलगी, गरीब, डोळ्यांत पाणी, बाप कर्जबाजारी. एक खरं होतं ते मात्र खरं होतं. ती मुलगी.

ती तुम्हालाही माहीत आहे. आठवी आणि नववीत ती माझ्याशेजारी बसायची, खिडकीकडून तिसऱ्या बाकावर. भातकुलीकडच्या एका गावाहून एस्टीनं यायची. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे असायचे. नववीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. एवढंच मला माहीत होतं, बाकीचं मी भरलं: कर्ज, लग्न, आणि वाक्यागणिक एक हुंदका.

या कोर्सात तुमचं लिखाण मास्तर तपासत नाहीत. सोबत शिकणारेच एकमेकांचं वाचतात आणि लेखी मत देतात. कोण, कुठले, काही कळत नाही. कोड लिहिताना एक बरं असतं, चूक झाली की कम्पायलर तिथल्या तिथे ओरडतो. गोष्टीत कुणी ओरडत नाही. या अनोळखी लोकांनीही आरडाओरड केली नाही, फक्त प्रश्न विचारले. एकानं विचारलं, या मुलीला काय आवडतं? दुसऱ्या एका बाईनं लिहिलं की संपूर्ण तुकड्यात तिला तिच्या मैत्रिणीनं एकही प्रश्न विचारलेला नाही, हे मुद्दाम आहे का? आणि दोघांनाही आवडलं होतं ते एकच वाक्य, जे मी असंच, काही विचार न करता लिहून गेले होते. तिची पाण्याची बाटली सकाळी येताना रिकामी असे आणि संध्याकाळी जाताना भरलेली. असं का, हे तुम्ही सांगितलं नाहीत, असं त्या बाईनं विचारलं. मला कुठे माहीत होतं?

दुसरी अडचण भाषेची. कोर्स इंग्रजीत. ती मुलगी बोलते ते इंग्रजीत बसेना. ‘काऊन वं’ याचं इंग्रजी ‘व्हाय’. संपलं! त्यातला ‘वं’ गेला की ती दोघींपैकी कुठलीच मुलगी बोलेल. मग मी आधी मराठीत लिहून नंतर इंग्रजी करायला लागले, तर मराठीतही ती पुस्तकासारखं बोलायला लागली. माझी वऱ्हाडी माझ्या हातात उरलेलीच नव्हती. पुण्यात नोकरीच्या पहिल्या महिन्यात ‘मले’ म्हटल्यावर चारचौघं हसले, त्यानंतर मी तो शब्द गिळला तो गिळलाच. उपाय म्हणून उद्धव शेळक्यांची ‘धग’ मागवली. १९६० ची कादंबरी, लेखक आपल्या अमरावतीत राहिलेले. त्यातली कौतिक तोंड उघडते आणि पानावर आपली बोली वाहायला लागते. चाळीस वर्षांची होईपर्यंत मी ती वाचली नव्हती, हे बाईंसमोर कबूल करते.

आणि बाई, तुम्ही नववीत सांगितलेली रिद्धपूरची गोष्ट मला त्याच रात्री आठवली. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली, ती चक्रधरांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आपण ते मार्कांसाठी पाठ केलं. तो माणूस विचारत फिरला होता, हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. आणि मी इकडे पुण्यात बसून एका जिवंत बाईबद्दल, तिला न विचारता, हजार शब्द लिहीत होते. कोर्सच्या शेवटी साधारण तेवढ्याच लांबीची गोष्ट द्यायची असते. मी दिली. बरे शेरे मिळाले. मला ती नकोशी झाली होती.

२०२१ मध्ये आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि त्यातून फिरत फिरत तिचा नंबर मिळाला. ती अकोल्याला असते. पुढच्या दिवाळीत मी माहेरी आले आणि एका सकाळी गाडी काढून निघाले. तो रस्ता तुम्हाला माहीतच आहे. वर्षानुवर्षं रखडलेला, आणि मग २०२२ च्या जून महिन्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात गेलेला! आपल्याकडे कामं होत नाहीत, आणि झाली की अशी होतात. मूर्तिजापूर कधी मागे पडलं कळलं नाही. मला खरं तर तो रस्ता थोडा लांबायला हवा होता.

ती डबे करते. कृषी विद्यापीठातली पोरं आणि काही एकटे राहणारे नोकरदार, मिळून साठेक डबे. मी गेले तेव्हा पोळ्या चालू होत्या. तिनं मला ओळखायला अर्धा क्षणही घेतला नाही. मी पीठ मळायला बसले, तिनं माझ्या हातातून परात काढून घेतली. दुपारी डबे गेल्यावर मी तिला ती गोष्ट मराठीत वाचून दाखवली. ती हसायलाच लागली.

“हे कोन व्हय वं रडकी? मी कई रडली?”

मग ती सांगत गेली आणि मी वहीत लिहीत गेले. बापाला कर्ज नव्हतं. आजी पडली, अंथरुणाला खिळली, आई वावरात जाणार, म्हणून हिला घरी ठेवलं. लग्न पुढे सात वर्षांनी झालं. आणि शाळेबद्दल म्हणाली, “शाया सुटली थ्याचं काही नाही. गाडी सुटली थ्याचं लय वाटे.” सकाळची पाऊण तासाची एस्टी, खिडकीची जागा, कुणी काम सांगत नाही, कुणी हाक मारत नाही. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा. आणि बाटली? गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट. आजीला शाळेच्या नळाचं पाणी गोड लागे, म्हणून रोज एक बाटली. दोन वर्षं मी ती बाटली भरताना पाहिली होती, कधीकधी नळाखाली धरलीही होती.

आता ती गोष्ट, जी मी ना कोर्सात लिहिली, ना आजवर कुणाला सांगितली. शाळा सोडल्यावर तिनं मला पत्र पाठवलं होतं. निळं आंतरदेशीय, १९९४ च्या जानेवारीत, शाळेच्या पत्त्यावर. तिनं बोलते तसं लिहिलं होतं. शाळेला ‘शाया’, मला ‘मले’. मी शुद्धलेखनात पहिली. मधल्या सुट्टीत मी ते पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं, लाल पेनानं चुका काढल्या आणि शेवटी वीसपैकी चार मार्क दिले. चार-पाच जणी पोट धरून हसल्या. उत्तर मी पाठवलं नाही. पत्राचं काय झालं, मला माहीत नाही.

अकोल्याला तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून गॅसवर चहा ठेवला, दोन कप विसळले. चहा उकळेपर्यंत पाठ माझ्याकडे होती. मग वळून तिनं विचारलं, “काय लिवलं होतं वं मी थ्या पत्रात?”

मला सांगता आलं नाही. चुका सगळ्या आठवत होत्या, कुठल्या ओळीत कुठली तेही. तिनं काय लिहिलं होतं, ते एक वाक्यही आठवेना.

आज ती आलेली नाही. मी बोलावलं होतं, पण लग्नसराईची ऑर्डर आहे म्हणाली. हे बोलायची परवानगी तिनं दोन अटींवर दिली: नाव घ्यायचं नाही, आणि एस्टीच्या खिडकीचं सांगायचं. दोन्ही पाळल्या आहेत.

ती गोष्ट मी पुन्हा लिहायला घेतली आहे, या वेळी वऱ्हाडीत. महिन्यातून एकदा फोनवर तिला वाचून दाखवते, ती चुका काढते. पत्राच्या जागी मात्र अजून कोऱ्या ओळी आहेत. ते पत्र आपल्या मनानं रचायला माझा हात धजत नाही. त्या मधल्या सुट्टीत ज्या वर्गात होत्या, त्यातल्या निदान तिघी आज समोर बसलेल्या मला दिसताहेत. तुमच्यापैकी कुणाला त्या पत्रातलं काही आठवत असेल, एखादा शब्द जरी, तर जेवताना मला येऊन सांगा. वही आणली आहे.