घड्याळाचे जडत्व
(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



याच शाळेत आम्ही न्यूटनचा पहिला नियम शिकलो. बाह्य बल लावल्यावाचून वस्तू आपली स्थिती बदलत नाही. या गुणाला जडत्व म्हणतात. तेव्हा एका वर्गमित्राने विचारले होते, "सर, काळालाही जडत्व असते का?" वर्ग हसला. भौतिकशास्त्र काळाला असा गुण देत नाही. माणसाच्या घड्याळाला मात्र तो असतो.

१ जानेवारी १९०६ रोजी सरकारने मुंबईत भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी विरोध केला. महापालिकेने आपली घड्याळे जुन्याच वेळेवर ठेवली. परकी सत्ता गेली, तरी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती.

आपल्या दिल्लीत दोन्ही वेळा शेजारी नांदतात. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर देशाची प्रमाणवेळ राखते, तर जंतरमंतरचे सम्राट यंत्र सावलीने इथल्या सूर्याची वेळ सांगते. प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंश पूर्वेला, दिल्ली सुमारे ७७.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर मनगटावर बारा वाजतात तेव्हा दिल्लीच्या खऱ्या मध्यान्हाला सरासरी २१ मिनिटे उरलेली असतात.

यात चूक कोणाचीच नाही. गाडी गाठायची तर सर्वांची वेळ एकच हवी. या महानगरात हिंदी आणि इंग्रजी आपल्याला तशाच हव्यात. मग मराठी कशासाठी? केवळ जुनी सवय म्हणून जपली, तर तीही मुंबई वेळेप्रमाणे एक दिवस मुकाट्याने संपेल. सम्राट यंत्राचे तसे नाही. ते सूर्याकडे पाहून बोलते, म्हणून त्याचे सांगणे जुने होत नाही. मराठीतून आपली मुले काही पाहत असतील, प्रश्न विचारत असतील, भांडत असतील, तरच ती टिकेल.

म्हणून पालकांना एकच विनंती. शाळा तिचे काही तास सांभाळील; घरी आल्यावर दिवसभराची हकिकत मुलांना मराठीतच विचारा, आणि उत्तर अडखळत आले तरी ते पुरे होईपर्यंत थांबा. तेवढा वेळ आपल्यापाशी नक्कीच आहे.