फोन बाहेर, आपण आत

बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतो आणि आपण फोन काढेपर्यंत भुर्र! म्हणून मी फोनच कुंडीशेजारी छोट्या ट्रायपॉडवर लावते आणि आत बसून ब्लूटूथ रिमोटने क्लिक करते. सकाळचं ऊन, प्रो मोड, शटर १/२००० सेकंद, फ्लॅश बंद.

काही नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्री-कॅप्चर असतं. बटण अर्धं दाबून ठेवलं की फोटो तात्पुरते साठत राहतात. पूर्ण दाबलं की त्याआधीचे क्षणही सेव्ह होतात. पक्षी उडाल्यावर बटण दाबलं, तरी भरारी मिळते!

पण जवळ घरटं दिसलं, तर ट्रायपॉड लगेच उचला. आपल्या ये-जा करण्याने आई-बाप बिथरतात, कावळ्याला पत्ता लागतो. पिल्लं उडू देत. फोटो काय, नंतरही मिळेल.