गाण्यातली बाई आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी गृहोपयोगी विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले होते. मी मात्र विषय बदलून मागितला. कारण तुम्हां बहुतेकींना ठाऊक आहे. गेल्या गणेशोत्सवात आपल्याच मंडपात दुसरी-तिसरीतल्या सहा मुलींचा नाच झाला. गाणे एका चित्रपटातले होते. मुलींनी ते मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहून पडद्यावरच्या नटीचे हावभाव जसेच्या तसे उचलले होते. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या, आणि कार्यक्रम ठरविणाऱ्या समितीत तर मी स्वतःच होते. रात्री घरी आल्यावर नातीने विचारले, "आजी, नाचताना माझं पोट दिसत होतं का गं?"

आठ वर्षांची पोर! आपली पावले चुकली का, ताल सांभाळला का, हे तिने विचारले नाही. आपण कशा दिसलो, एवढेच तिच्या मनात राहिले. मला त्या रात्री झोप आली नाही.

काहीजणी म्हणतील, हल्लीचे कपडेच तोकडे, त्याचा हा परिणाम. मला तसे वाटत नाही. शृंगार आपल्याला नवा नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर 2018 साली गेल्या. त्यांची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल की एकाच जागी बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी त्या एकच ओळ अनेक तऱ्हांनी सांगत. सुलोचनाबाई चव्हाणांनी डोक्यावर पदर घेऊन ठसकेबाज लावण्या गायिल्या. त्यांत शृंगार काय कमी होता? पण समोर एक पुरी बाई होती. तिला चेहरा होता, आणि काय सांगायचे, किती सांगायचे, हे ती ठरवीत होती. फडावरच्या कलावतींचे समाजाने किती हाल केले, हेही मी विसरत नाही. जुने ते सगळे सोने, असे म्हणण्यासाठी मी उभी राहिलेली नाही.

फरक आहे तो कॅमेऱ्याच्या नजरेत. गाण्याच्या चित्रफितीत बाई सबंध दिसतच नाही. आधी कंबर, मग पाठ, मग पाय. चेहरा येतो तो क्षणभर. भाजीच्या टोपलीतून निवडून घ्यावे तसे तिचे तुकडे केलेले असतात. सभोवती दहा-वीस पुरुष, आणि तिला काय हवे आहे याचा पत्ता नाही.

हे आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत 1 ऑगस्ट 1981 रोजी एमटीव्ही ही गाण्यांची दूरदर्शन वाहिनी सुरू झाली. पुढे तिकडच्या एका प्राध्यापकांनी अशा चित्रफितींतील दृश्ये एकत्र करून, मूळ गाणी काढून टाकून आणि स्वतःचे निवेदन जोडून 'ड्रीमवर्ल्ड्स' नावाचा बोधपट केला. सूर निघून गेले आणि उघडे पडले ते एकच चित्र: पुरुषाची वाट पाहणारी, त्याच्याच नजरेसाठी असलेली बाई. वाहिनीने त्यांना कायदेशीर कारवाईची धमकी दिली, यावरूनच तो बाण किती वर्मी लागला ते समजावे.

याचा मुलींवर काय परिणाम होतो? 1998 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयातील काही मुलींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालून, एकान्तात गणिते सोडवायला दिली. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना गणिते कमी आली. पाहणारे कोणी नव्हते. त्या स्वतःच स्वतःला पाहत होत्या. मुलग्यांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. नातीचा प्रश्न आठवून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

कायदा नाही का? आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा 1986 साली झाला. पण सेन्सॉरच्या कक्षेत येणारे चित्रपट त्यातून वगळलेले आहेत; त्यांना 1952 चा कायदा लागतो. स्त्रीची अप्रतिष्ठा करणारी दृश्ये नसावीत, असे 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले आहे. तरी 1993 साली 'खलनायक' चित्रपटातील एका गाण्यावर दिल्लीत न्यायालयात अर्ज झाला तेव्हा तो फेटाळला गेला, आणि गाणे अधिकच गाजले. तेव्हा सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही.

नाचणाऱ्या बाईलाही मी दोष देत नाही. ती तिचे पोट भरते. काय दाखवायचे ते दुसरेच ठरवितात, आणि लग्नाच्या संगीतात तेच गाणे लावून आपण त्याला गिऱ्हाईक मिळवून देतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या मंचावर मुलांचे जे गाणे व्हायचे, ते समितीतल्या दोघीजणींनी आधी आवाज बंद करून पाहावे. दुसरी, मुलींच्या हातून मोबाइल हिसकावून घेऊ नये; शेजारी बसून विचारावे, "या बाईचा चेहरा किती वेळ दिसला? तिला काय हवंय? तिला काय काय येतं?" तिसरी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: हेच प्रश्न आपल्या मुलग्यांनाही विचारावेत. पाहणारी नजर घरातच घडते.

मुलींनी नाचू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी भरपूर नाचावे, घाम येईपर्यंत, हसत-ओरडत नाचावे. नाच संपल्यावर नातीने "आजी, मी कशी दिसले?" असे न विचारता "आजी, मजा आली!" म्हणत धावत यावे, एवढीच माझी इच्छा आहे. यंदाच्या गणेशोत्सवाची समिती पुढल्या महिन्यात बसेल. तिने या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.