गाणे, गोष्ट आणि चित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, आणि विषय मला घरातच सापडला. परवा मी ‘गीतरामायणा’तील एक गीत गुणगुणत होते. नात म्हणाली, “आजी, याचा व्हिडिओ दाखव ना!” मी म्हटले, “अगं, हे रेडिओवरचं. याला चित्र नव्हतंच.” त्यावर ती म्हणते, “मग तुम्हांला गोष्ट कळायची कशी?”

प्रश्न लहान मुलीचा, पण विचार करावयास लावणारा. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतांत माडगूळकरांनी व सुधीर फडके यांनी अवघी रामकथा उभी केली. तेथे गाणे हीच गोष्ट होती. माझ्या आईने मनात पाहिलेली सीता आणि शेजारच्या काकूंनी पाहिलेली सीता एक नसेल. पण दोघींचेही डोळे भरून येत.

पुढे गाण्याला चित्र आले. १९८३ साली मायकेल जॅक्सनचे ‘थ्रिलर’ निघाले. गाणे सहा मिनिटांचे, चित्र जवळजवळ चौदा मिनिटांचे! गोष्टीसाठी गाण्याला थांबावे लागले. आपल्याकडे १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’च्या चित्रात वर नाकारणारी राजकन्या आली. शब्दांत मनाजोगा देशी सखा हवा एवढेच. चित्राने त्याचे स्वयंवर केले. ही भर मला आवडली, कारण ती शब्दांच्या पोटातूनच निघाली होती.

परंतु दुसराही प्रकार आहे. ‘समाधी’ या १९७२ च्या चित्रपटात लताबाईंनी गायिलेले ‘कांटा लगा’ २००२ साली नव्या रूपात आले. मुखडा तोच, पण चित्राने त्याला अगदी निराळी गोष्ट जोडली. पुष्कळ मुलांना आता ते गाणे त्या चित्रावाचून आठवतच नाही. चित्र असे बळकट असते, भगिनींनो!

हे सांगण्याचे कारण असे, की यंदा आपल्या मंडळात जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ करावयाचे घाटत आहे. तरुण मुलींना नऊवारी नेसवून जात्यापाशी बसवावे व आवाज वडीलधाऱ्या बायकांचा घ्यावा, अशी एक सूचना आली आहे. माझी विनंती अशी, की जिने ओवी म्हटली तीच दिसू द्या. माहेरची, भावाची, लेकीची ती गोष्ट तिची स्वतःची आहे. तिचा थकलेला हात आणि खुंटा धरण्याची रीत हेही त्या गोष्टीतच येते. तिच्या जागी दुसरी बसवली, तर नातवंडे उद्या तिलाच ओळखतील.

नातीला मी डोळे मिटावयास सांगून ते गीत पुन्हा म्हटले. “काय दिसलं?” असे विचारता ती म्हणाली, “सीता आपल्याच अंगणात उभी होती.”

तेवढे अंगण मुलांच्या मनात मोकळे राहू द्या, एवढे सांगून मी आपली रजा घेते.