समुद्री माशांची अलग टाकी : आधी जिवाणू, मग मासे



परवा लोणारला एका तरुणाने गाठलं. शेतीला जोड म्हणून तो शोभेचे मासे विकतो. आता मुंबईहून समुद्रातले मासे आणायचं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "साहेब, सरोवराचं खारं पाणी फुकट आहे, टाकीत तेच भरलं तर?"

नाही भाऊ! समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या जरा वर, आपल्या सरोवराचा दहाच्या आसपास. त्यात मिठाबरोबर सोडाही आहे. शिवाय सरोवर अभयारण्यात येतं आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. तिथलं पाणी उचलायचं नाही. समुद्री माशांसाठीचं तयार मीठ विकत घ्यावं, दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो झालं. घरचं खायचं मीठ चालत नाही. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते, म्हणून ते आधी दिवसभर हवा देऊन ठेवावं.

नवे मासे रोग घेऊन येतात, म्हणून त्यांना चार ते सहा आठवडे अलग टाकीत ठेवायचं. पण पुष्कळदा मासा तिथे रोगाने मरत नाही, स्वतःच्याच अमोनियाने मरतो. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, मग जमिनीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राईट आणि पुढे नायट्रेट करतात. हेच काम टाकीतही जिवाणूंनीच करायचं आहे. सामू जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी, सरोवराचं पाणी नको म्हणण्याचं हेही एक कारण.

हे जिवाणू आयते येत नाहीत. दह्याला विरजण लागतं तसं इथे जुन्या, निरोगी खाऱ्या टाकीतला स्पंज लागतो. तिथे तो महिनाभर आधीच ठेवून द्यावा. गोड्या पाण्यातला स्पंज खाऱ्यात लगेच चालत नाही. जुनी टाकीच नसेल तर नव्या टाकीत हवेच्या पंपावरचा स्पंज लावून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. मासे मात्र सोडू नका. तपासणी संचात आधी अमोनिया चढेल, मग नायट्राईट. दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला चार-सहा आठवडे सहज लागतात. त्या तरुणाला मी हेच सांगितलं, मुंबईचं तिकीट इतक्यात काढू नकोस.

टाकीत शिंपले किंवा प्रवाळाची खडी घालू नये, ती तांब्याचं औषध शोषून घेते. काही प्रतिजैविकं जिवाणूही मारतात, तेव्हा औषध चालू असताना अमोनिया रोज तपासावा. तो दिसला की थोडं पाणी बदला. नवं पाणी तेवढंच खारं हवं आणि त्यापुरतं औषध पुन्हा घाला. स्पंज नळाखाली धुवू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आणि आपल्याकडची वीज! पंप काही तास बंद पडला की हवेवाचून जिवाणू मरू लागतात, मासेही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.