सार्वमत आणि आडवी बाटली

2016 साली ब्रिटनने सार्वमत घेऊन युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. बाजूने 51.9 टक्के मतं पडली, पण ती झालेल्या मतदानातली. मतदारयादीशी ताडून पाहिलं, तर 'बाहेर पडा' म्हणणारे जेमतेम 37 टक्के भरतात. 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात यायचं नाकारलं, तेही झालेल्या मतांतल्या 54 टक्क्यांवर.

आपल्याला मात्र गावातलं सरकारमान्य दारूचं दुकान बंद करायचं, तर 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. देशाची वाट बदलायला जेवढं पुरलं, तेवढं दुकानाला कुलूप लावायला पुरत नाही! जी बाई आलीच नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते.

आणि आपल्या बीडमध्ये न येणारी कोण? कोयता घेऊन कारखान्याला गेलेली. दारूचा मार सोसलेली तीच, अर्जावर अंगठाही तिचाच.

म्हणून माझं म्हणणं, मतदानाची तारीख पाडव्यानंतरचीच मागायची, बाया गावी परतल्यावरची. यादीतली मयत आणि सासरी गेलेल्या बायांची नावंही आधी कमी करून घ्यायची. तीसुद्धा आपल्याविरुद्धच मोजली जातात.