ध्येय, नियोजन आणि मन

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. पेढा हातात देऊन विचारले जाते, "पुढे कोण होणार?" उत्तरे ठरलेली असतात : डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर. टाळ्या पडतात. दोन-तीन वर्षांनी त्यांतील काही मुले-मुली अर्ध्या वाटेवर थांबलेली दिसतात आणि आपण वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळे होतो, "पोरात जिद्दच नव्हती." आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की, हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. जिद्द असते, पण त्या जिद्दीला दिवस, वेळ आणि जागा नेमून दिलेली नसते. इच्छा आणि नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधील अंतर मानसशास्त्राने काळजीपूर्वक तपासले आहे.

प्रारंभी एक गैरसमज दूर करू. मार्गदर्शन शिबिरांतून एक गोष्ट नेहमी ऐकविली जाते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या १९५३ सालच्या तुकडीतील फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपले ध्येय लिहून ठेवले होते आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून अधिक भरली, अशी ती गोष्ट. मित्रहो, असा अभ्यास कधी झालाच नाही. १९९६ साली एका अमेरिकन मासिकाने शोध घेतला, तेव्हा त्याचा कोठेही पुरावा मिळाला नाही. ध्येय कागदावर लिहिले की नशीब उघडते, असा ताईत मानसशास्त्र देत नाही. ते जे देते ते साधे आहे, पण तपासून घेतलेले आहे.

पहिली गोष्ट : ध्येय नेमके असावे. एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली हा सिद्धान्त मांडला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासह तो वाढविला. "होईल तेवढे कर" असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिलेला माणूस अधिक काम करतो, असे त्यांना आढळले. ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे साठ टक्केच माल भरीत. त्यांना चौऱ्याण्णव टक्क्यांचे उद्दिष्ट दिले, तेव्हा भरणा नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला. जादा पैसे दिले नव्हते. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. "यंदा भरपूर अभ्यास करीन" हे वाक्य "होईल तेवढे कर" याच जातीचे आहे. "रविवारपर्यंत वर्गसमीकरणाची वीस उदाहरणे सोडवीन" हे उद्दिष्ट आहे, कारण रविवारी रात्री ते झाले की नाही हे स्वतःलाच कळते. मात्र विषय अगदी नवा असेल, तर आधी गुणांचे उद्दिष्ट ठेवू नये, समजून घेण्याचे ठेवावे.

दुसरी गोष्ट : मोठ्या ध्येयाचे टप्पे पाडावेत. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. वजाबाकीत कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी घेतली. काही मुलांना सांगितले, दर बैठकीस निदान सहा पाने करा. काहींना सांगितले, सात बैठकांत बेचाळीस पाने संपवा. हिशेब एकच, पण सहा पानांचे उद्दिष्ट असलेली मुले पुढे गेली. एवढेच नव्हे, तर त्यांना आपल्याला गणित येते असा विश्वास वाटू लागला आणि गोडीही लागली. दूरच्या उद्दिष्टाच्या मुलांमध्ये आणि कोणतेच उद्दिष्ट नसलेल्या मुलांमध्ये असा फरक पडला नाही. आत्मविश्वास आधी आणि काम मागून, असे आपण मानतो. येथे छोटे काम पुरे झाले आणि त्यातून आत्मविश्वास आला.

तिसरी गोष्ट : केव्हा, कोठे आणि कसे, हे आधीच ठरवावे. जर्मनीतील पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकारी यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत दोन दिवसांत एक लहान अहवाल लिहून पाठविण्यास सांगितले. त्यांतील निम्म्यांकडून तो कोणत्या वेळी, कोणत्या जागी बसून लिहिणार हे ठरवून घेतले. ज्यांनी वेळ आणि जागा ठरविली त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अहवाल वेळेत लिहिला; इतरांपैकी सुमारे एक तृतीयांशांनीच. इच्छा दोन्ही गटांची होती. वेळ आणि जागा ठरली की प्रसंग आला म्हणजे मन आपोआप कामाकडे वळते. दर वेळी स्वतःशी झगडावे लागत नाही.

चौथी गोष्ट : अडचणींचा विचार आधी करावा. डोळे मिटून यशाचे चित्र पाहा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गॅब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांकडे पाहिले. जे यशाच्या गोड स्वप्नांत अधिक रमले, त्यांना दोन वर्षांनी नोकरीचे देकार कमी आले होते आणि पगारही कमी होता. यश मिळेल अशी रास्त अपेक्षा ठेवणे चांगले. पण स्वप्नातच पोहोचलेले मन चालावयाचे थांबते. म्हणून ओटिंगेन सांगतात, इच्छा मनात आणा आणि लगेच तिच्या आड येणारी गोष्टही समोर ठेवा.

आपल्या घरांतील अडचणी आपल्याला ठाऊक आहेत. एक खोली, पाच माणसे, टीव्ही, पाण्याची वेळ, लहान भावंडे, संध्याकाळी दुकानावर बसणे. यांना लाजण्याचे कारण नाही. त्यांना नियोजनात जागा द्यावी. "जर साडेसातला घरात टीव्ही लागला, तर मी वही घेऊन विहाराच्या सभागृहात जाईन." "जर पाण्यामुळे पहाटेचा तास बुडाला, तर तो कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयात भरून काढीन." अशी दोन-तीन 'जर-तर' वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर असावीत.

पाचवी गोष्ट : वेळेचा अंदाज जपून करावा. माणूस स्वतःच्या कामाला नेहमी कमी वेळ धरतो. रॉजर ब्यूहलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. यावर उपाय असा की, या वेळी किती दिवस लागतील असे मनाला विचारू नये, मागच्या वेळी किती लागले ते पाहावे. मागील धडा आठ दिवसांत झाला असेल, तर पुढचा चार दिवसांत होणार नाही.

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याला ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. म्हणजे ध्येयाला मुदत होती. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून बचत केली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली. आपण त्यांच्या जिद्दीवर भाषणे करतो. मुदत, बचत आणि कर्ज यांचा हिशेब मात्र मुलांना सांगत नाही.

या उदाहरणात आम्हा वडीलधाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. त्या नियोजनात दुसऱ्यांचा हात होता. फी भरायला पैसे नाहीत, बसायला जागा नाही, अशा मुलाला केवळ 'नियोजन कर' म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. तसेच ध्येयाचा धाकही घालू नये. उद्दिष्ट थोडक्यात हुकलेली माणसे खोटा निकाल सांगण्याकडे अधिक वळतात, असे २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले आहे. "नव्वद टक्के आण, नाहीतर तोंड दाखवू नकोस" म्हणणाऱ्या घरातून कॉपी आणि लपवलेली गुणपत्रिकाच बाहेर पडते. मुलगा नापास झाला, तर त्याला एवढेच विचारावे, "कोणता टप्पा चुकला? आता कोणता घ्यायचा?"

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे : सभागृह परीक्षेच्या काळात रात्री दहापर्यंत उघडे ठेवा, आणि पुढच्या गुणगौरवात "कोण होणार?" याबरोबर "या आठवड्यात काय करणार आणि त्यात आमची काय मदत हवी?" हेही विचारा. विद्यार्थी मित्रहो, आपण आज घरी गेल्यावर एकच वाक्य लिहा. त्यात उद्याची वेळ असावी, जागा असावी आणि कामाचे माप असावे. उद्या रात्री त्यापुढे 'झाले' किंवा 'नाही झाले' असे प्रामाणिकपणे लिहा. 'नाही झाले' असेल, तर परवाचे वाक्य थोडे लहान करा. पण लिहिणे थांबवू नका. थेंबे थेंबे तळे साचे असे आपल्याकडे म्हणतात. तो थेंब कोणत्या वेळी पडणार, एवढे आपण ठरवावयाचे आहे.

 जय भीम.